शेऱ्याच्या रकान्यातला दगड

उद्या पाऊस पडेल की नाही हे तेबोराला ठाऊक नसे. ही साधी गोष्ट आमच्या बेटावर एकाही माणसाला कधी पटली नाही.

एकोणीस वर्षं ती सरकारच्या वतीने हवा बघत होती. घरामागे माड तोडून मोकळ्या केलेल्या चौकात पांढऱ्या पट्ट्यांची एक पेटी चार पायांवर उभी होती. पेटीत तापमापक, बाजूला पावसाचं पाणी मोजायचं भांडं, उंच खांबावर वातकुक्कुट. सकाळी सहाला, नऊला, बाराला, दुपारी तीनला आणि संध्याकाळी सहाला ती वही घेऊन बाहेर यायची. पारा बघायची, आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करून त्यांतले किती ढगांनी झाकलेत ते मोजायची, समुद्र बघून यायची आणि सगळे आकडे रेडिओवरून राजधानीला, तारावाला, कळवायची. आत्ता काय आहे तेवढं सांगणं हे तिचं काम. उद्या काय होणार ते तारावाची माणसं सांगत, संध्याकाळच्या बातम्यांनंतर, उत्तरेच्या बेटांपासून दक्षिणेच्या बेटांपर्यंत, बायबलातली वंशावळ वाचावी तशा एका सुरात.

पण लोकांना हा फरक कोण समजावणार?

"तेबोरा, केतकीची पानं उद्या वाळत घालू ना गं?" बायका वाटेवरून विचारत.

"मला नका विचारू. मी पडलेला पाऊस मोजते, पडणारा नाही."

"म्हणजे भात शिजल्यावर खडे निवडायचे!" हे तिची नणंद ताबेता म्हणायची. ताबेताच्या जिभेला हाड नव्हतं, पण ती बोलायची तेच सगळ्या गावाच्या मनात असायचं. पाऊस पडला तर तेबोराने आधी सांगितलं नाही, आणि नाही पडला तर तोही तिचाच दोष. एका लग्नात सगळं वऱ्हाड भिजलं, तर नवऱ्या मुलाच्या आईने तेबोराशी महिनाभर अबोला धरला होता.

हे काम तिला मामाकडून आलं. मामाची नजर अधू झाली, पारा दिसेना, तेव्हा त्याने भाचीला पेटीपुढे उभं केलं आणि म्हणाला, "जे दिसतं ते लिहायचं. जे दिसत नाही ते लिहायचं नाही. बाकी काही शिकण्यासारखं नाही यात." पेटी त्यानेच बसवली होती, तीही तिरकी, त्यामुळे तिचे चार पाय बरोबर चार दिशांना आले होते. मामाने वारशात ढगांचा एक तक्ताही दिला. त्यात दहा प्रकारचे ढग होते, कुठल्याशा थंड देशातले. त्यांतले चार तेबोराने जन्मात पाहिले नव्हते. सुरुवातीची दोन वर्षं ती खंत करायची, की आपल्यालाच ते दिसत नाहीत की काय.

तिचा खरा घोळ मात्र समुद्राचा होता. आमचं बेट म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेली एक पट्टी. आडवं ओलांडायला सहा मिनिटं लागतात, आणि दोन्हीकडे उघडा समुद्र. पूर्वेला लाटा खडकावर डोकं आपटत असतात, आणि त्याच वेळी पश्चिमेला पाणी असं निवांत असतं की त्यात तोंड बघावं. आणि सरकारी वहीत समुद्रासाठी रकाना एक! कुठला समुद्र लिहायचा? तिने तारावाला विचारलं. उत्तर आलं, "पेटीपाशी उभं राहून दिसेल तो." आता पेटीपाशी उभं राहून पूर्वेला तोंड केलं की एक समुद्र दिसायचा आणि पश्चिमेला केलं की दुसरा. शेवटी तिने पूर्वेचा आकडा रकान्यात लिहायला सुरुवात केली आणि पश्चिमेचा शेऱ्यात.

अशा रीतीने शेऱ्याचा रकाना तिच्या ताब्यात आला आणि तिने त्यात संसार मांडला. "भांड्यात सरडा पडला होता, पाऊस शून्य." "वातकुक्कुटावर पक्षी बसला, वारा कळला नाही." आणि आठवड्यातून तीन-चारदा तरी, "पेटीच्या पायाशी दगड. काढला."

हा दगड तिच्या डोक्याला ताप झाला होता. आमच्याकडे दगड म्हणजे पांढरं प्रवाळ, दुसरा दगड जमिनीत नाहीच. पण कुठल्यातरी लांबच्या ज्वालामुखीचा करडा, भोकाभोकांचा, पाण्यावर तरंगणारा हलका दगड वाहत वाहत किनाऱ्याला लागतो. पोरं त्याच्या होड्या करून खेळतात, पुरुष त्याने होडीचं लाकूड घासतात. असाच एक दगड सकाळी सहाला पेटीच्या पायाशी ठेवलेला असायचा. कधी पूर्वेच्या पायाशी, कधी पश्चिमेच्या, क्वचित उत्तरेच्या. कधी नसायचाच. "मेली कार्टी!" असं पुटपुटत तेबोरा तो उचलायची, मागच्या बारतोंडीच्या झुडपात भिरकावायची आणि कुठल्या पायाशी होता ते इमानाने लिहायची. जे दिसतं ते लिहायचं. एकदा तारावाहून चिठ्ठी आली, "दगडांची नोंद आवश्यक नाही." चिठ्ठी मिळाल्याचंही तिने शेऱ्यात नोंदवलं, आणि दगड लिहीत राहिली.

तिचा नवरा उरियम मासेमार. दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यांतले चार होडीशी. पहाटे माडावर चढून माडी उतरवायची, होडी पाण्यात लोटायची, दुपारपर्यंत परत यायचं, संध्याकाळी पुन्हा माडीला चढायचं. तो कुठे जायचा हे तेबोराला माहीत नसे. आमच्याकडे मासे मारायला निघालेल्याला कुठे चाललास म्हणून विचारत नाहीत. विचारलं की समुद्र ऐकतो, मासे सरकतात, आणि कधीकधी माणूसही राहून जातो. खांद्यावर वल्हं घेऊन कुणी समोरून आला की आपण माडाच्या शेंड्याकडे बघायचं. बायकोनेही. बायकोने तर खासच.

म्हणजे बघा, जी बाई दिवसातून पाच वेळा आभाळाची उलटतपासणी घ्यायची, तिने एकवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला एकदाही "कुठे" असं विचारलं नव्हतं. त्यात तिला काही वावगंही वाटलं नव्हतं.

मग सत्त्याण्णव साल आलं आणि सगळं फिसकटलं.

संध्याकाळी ज्येष्ठा डोक्यावर आली की शांत दिवस सुरू होतात, पूर्वेचा वारा एका लयीत वाहतो, हे आमच्या म्हाताऱ्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं गणित. त्या वर्षी ज्येष्ठा डोक्यावर आली आणि वारा आला पश्चिमेचा. पाऊस नको तेव्हा धो धो पडला. प्रवाह सकाळी पूर्वेकडे ओढायचा आणि दुपारी पश्चिमेकडे. पावसाळी पक्षी आले, गेले, पुन्हा आले. गावाच्या मानेआबात, म्हणजे ज्या मोठ्या छपराखाली आमचं सगळं ठरतं तिथे, म्हातारे रोज नव्याने भांडायचे. त्यांच्यातला थोरला कैतू. तो एकदा चक्क पेटीपाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पोरी, तुझ्या वहीत काय लिहिलंय? माझ्या ताऱ्यांना काही कळेनासं झालंय."

"माझ्या वहीत कालचं आहे, आजोबा."

"कालचं मलाही ठाऊक आहे," कैतू म्हणाला आणि खिन्न होऊन निघून गेला.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी रेडिओ लागला होता. उत्तरेच्या बेटांवर पाऊस, मधल्या बेटांवर पश्चिमेचा वारा, आणि दक्षिणेच्या बेटांसाठी सूचना: लांब दक्षिणेत वादळ झालंय, तिथून मोठ्या लांब लाटा निघाल्या आहेत, आकाश स्वच्छ असलं तरी लहान होड्यांनी जपावं. हीच सूचना आदल्या दोन दिवसांतही आली होती आणि समुद्र तळ्यासारखा पडून होता. लांडगा आला रे आला, असं झालं होतं.

उरियम पलीकडे बसून गळाची दोरी गुंडाळत होता. म्हणजे उद्या जाणार? की नुसतीच गुंडाळतोय? विचारायची सोय नव्हती. "जाऊ नका" म्हणणं हेही विचारण्यासारखंच. तेबोराने काय करावं? तिने हात लांब करून रेडिओचा आवाज वाढवला.

"रेडिओ मोठा झालाय," उरियम म्हणाला.

"मला ऐकू येत नाही हल्ली नीट."

त्याने मान हलवली आणि दोरी गुंडाळत राहिला. त्याने ऐकलं की नाही, तिला कळलं नाही.

सकाळी सहाला ती पेटीपाशी आली. होडी जागेवर नव्हती. पेटीच्या पायाशी दगड होता. उचलला, भिरकावला, लिहिलं. आकाश आठात एक भाग झाकलेलं. वारा जवळपास नाही. पश्चिमेचा समुद्र तळ्यासारखा.

नऊला पूर्वेच्या किनाऱ्यावर तिला पहिली लाट दिसली. वारा नाही, फेस नाही, पाण्याची एक लांबच लांब पाठ वर आली आणि खडकाशी येऊन अशी उभी राहिली की तेबोरा नकळत दोन पावलं मागे सरली. मग दुसरी. मोजून बघितलं, दोन लाटांत अठरा सेकंद. बाराला दक्षिण टोकाकडून गडगडाट येत होता. वर ऊन लख्ख, आभाळ निळंशार. डोळे म्हणत होते छान दिवस आहे आणि पायांखालची जमीन हादरत होती. रकान्यात काय लिहावं तिला कळेना. तिने आकडा दोनदा खोडला.

उरियम बाराला आला नाही. एकला नाही. दोनला मानेआबात माणसं जमली.

बेटावर यंत्राची बोट एकच, इताकाची. जहाज पंधरा दिवस आलं नव्हतं, त्यामुळे बोटीत तेल होतं एका टाकीपुरतं. इताका सरळ माणूस; तो म्हणाला, "एका बाजूला जाऊन शोधून येईन. दुसऱ्या बाजूला जायला तेल उरणार नाही. तेव्हा नीट ठरवा, पूर्व का पश्चिम."

मग जे सुरू झालं त्याला काही धरबंध नव्हता. एक म्हणे पहाटे पक्षी पूर्वेला होते, मासे तिथेच. दुसरा म्हणे दोन दिवस पश्चिमेला कुपा मासा उडतोय, कुठला शहाणा पूर्वेला जाईल? एक म्हणे प्रवाह आज पूर्वेकडे ओढतोय. दुसरा म्हणे तो सकाळी, आता फिरला. कैतू डोळे मिटून बसला होता. नेहमी सगळ्यांच्या शेवटी तो बोलायचा आणि भांडण संपायचं. त्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "मला सांगता येत नाही."

मग सगळ्यांच्या माना मागे बायकांकडे वळल्या, तेबोराकडे.

"तू सांग," इताका म्हणाला. "काही बोलला होता?"

"नाही."

"आभाळाची रोज पाच वेळा चौकशी करतेस," ताबेता किंचाळली, "आणि घरचा माणूस कुठल्या बाजूला गेला ते माहीत नाही?" तिचा सख्खा भाऊ पाण्यात होता. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती.

"गप गं," कैतू म्हणाला. "नवऱ्याला कुठे विचारणारी बायको तू तरी पाहिली आहेस का?"

तेबोराने आठवून पाहिलं. त्याने खोल पाण्याची दोरी नेली होती, म्हणजे पश्चिम. पण छोटे गळही नेले होते, म्हणजे पूर्व. आमिष काय होतं, तिने पाहिलं नव्हतं, कारण बघायचं नसतं. डोक्यात नुसता कालवा. पूर्व म्हणावं तर पश्चिमेला बुडायचा, पश्चिम म्हणावं तर पूर्वेला. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही जास्त लाज वाटत होती, की एकवीस वर्षं या माणसाबरोबर राहून आपल्याला एवढंही सांगता येत नाही.

ती उठली. "तीन वाजतायत. नोंद करून येते."

"नवरा बुडतोय आणि ही पारा बघायला चालली!" ताबेताने कपाळावर हात मारला. तिचं काही चुकलं नाही. आपण का चाललोय हे तेबोरालाही समजत नव्हतं. पायांना सवय होती, पाय निघाले.

पारा बघितला. एकतीस. नेहमीसारखाच. पावसाचं भांडं बघायला ती वाकली आणि तिची नजर बारतोंडीच्या झुडपाखाली गेली. तिथे एकोणीस वर्षांचे करडे दगड पडले होते, छोटा ढीगच झाला होता. वर सकाळचा होता. तिने तो उचलला. एका बाजूने तो घासून घासून सपाट झाला होता.

दुसरा उचलला. तोही सपाट. तिसराही.

पोरांच्या खेळातला दगड असा सपाट होत नाही. होडीच्या अंगावर दिवसचे दिवस फिरवला तरच होतो. तेबोरा तिथेच खाली बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा असा रोज सकाळी उचलून झुडपात फेकून देणारी तीच पहिली असेल. दहा शब्दांचा तिचा नवरा विचारता येत नाही, सांगता येत नाही म्हणून रोज पहाटे पेटीच्या पायाशी सांगून जात होता. आणि आजचा दगड कुठल्या पायाशी होता? तिला आठवेना. सकाळपासून डोक्यात एवढं काहूर होतं की काही केल्या आठवेना.

मग तिने मांडीवरची वही उघडली. सहाची नोंद. "दगड, पश्चिमेचा पाय. काढला."

ती पळत मानेआबात आली. आजवर तिला पळताना कुणी पाहिलं नव्हतं.

"पश्चिमेला! पश्चिमेला जा!"

"कशावरून?" दोघातिघांनी एकदम विचारलं.

दगडावरून, असं सांगितलं असतं तर तिला वेडी ठरवून बाजूला बसवलं असतं. तिने वही छातीशी धरली. "वहीत लिहिलंय."

वहीत काय लिहिलंय हे एकानेही विचारलं नाही. सरकारी वही ती. कैतूने इताकाला हाताने जा म्हणून खूण केली.

बोट गेल्यावर ती किनाऱ्यावर बसून राहिली. आणि दगड पोरांचाच असला तर? कुणी पोराने बापाच्या होडीपासचा दगड उचलून आणला असला तर? एका दगडावर तिने नवऱ्याचा जीव लावला होता. ताबेता तिच्या शेजारी येऊन बसली, काही न बोलता. ताबेता गप्प बसते म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. सहाला तेबोराने नोंद केली. रेडिओवरून तारावाचा माणूस म्हणाला, "आवाज नीट येत नाही." ती म्हणाली, "इथेही काहीच नीट नाही."

सूर्य टेकायच्या आधी बोटीचा आवाज आला. उरियम बोटीत आडवा होता, ओठ फुटलेले, पाठ उन्हाने सोललेली, पण डोळे उघडे. इताकाला तो उलट्या होडीवर पालथा पडलेला सापडला होता, पश्चिमेला, बेट दिसेनासं होईल इतक्या लांब. ताबेताने भावाला आधी मिठी मारली आणि मग दोन शिव्या दिल्या. तेबोराने त्याला नारळाचं पाणी पाजलं. त्याने तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि त्या बघण्यात कौतुक होतं. कशाचं, ते तिला समजलं नाही.

तिसऱ्या दिवशी मानेआबात उरियमला घडलं ते सांगावं लागलं. तो उभा राहिला आणि त्याने त्या दिवसाचे दहा आणि पुढच्या आठवड्याचेही शब्द खर्च केले.

"पहाटे पूर्वेला होतो," तो म्हणाला.

मागच्या रांगेत तेबोराच्या हातातली चटई गळून पडली. पूर्वेला?

"चांगले मासे मिळाले. दक्षिण टोकाला वळसा घालून परत येत होतो. जिथे कधी लाट फुटत नाही तिथे फुटली. उलांडी तुटली, होडी उलटली. प्रवाह पश्चिमेकडे ओढत होता, घेऊन गेला."

"हे आधी कळलं असतं तर आम्ही पूर्वेलाच शोधलं असतं," कैतू म्हणाला. "आणि तू पश्चिमेला बुडाला असतास. तुझी बायको म्हणाली पश्चिम."

सगळं गाव वळून तेबोराकडे असं बघायला लागलं, की तिला वाटलं जमीन फाटावी आणि आपण आत जावं. "मी कधीपासून सांगतेय," ताबेता जाहीरपणे म्हणाली, "वहिनीला सगळं आधी कळतं, सांगत नाही एवढंच!" त्या दिवसापासून उद्या पाऊस पडेल का हे विचारणाऱ्यांची रांगच लागली.

तेबोराच्या डोक्याचा मात्र भुगा झाला. माणूस पूर्वेला, दगड पश्चिमेला. म्हणजे दगड पोरांचाच. म्हणजे तो सापडला ही निव्वळ कावळा बसायला आणि फांदी तुटायला अशी गोष्ट. मग ते सपाट दगड? की त्याला दिशा कळत नाहीत? मासेमाराला?

आठवड्याने उरियम अंगणात नवी उलांडी, होडीचा तोल धरणारं बाजूचं लाकूड, दोरीने आवळत बसला होता. ती दोरीचं दुसरं टोक धरून होती. तो आपणहून बोलला.

"तू हुशार आहेस."

"मी?"

"मी दगड पश्चिमेला ठेवला. म्हणजे मी पूर्वेला हे तुला कळलंच. पण प्रवाह मला फिरवून पश्चिमेला नेईल हे तू कसं ओळखलंस? ते मलाही कळलं नसतं."

तेबोराने दोरी सैल सोडली. "दगड पश्चिमेला, म्हणजे तुम्ही पूर्वेला?"

"हो मग? समुद्राला खरं सांगतात का? उलटं ठेवायचं. बाबा आईसाठी दारात शिंपला ठेवायचे, तोही उलटाच. आईने सांगितलं असेल ना तुला." तो बोलता बोलता थांबला. त्याची आई त्यांच्या लग्नानंतर चौथ्या महिन्यात गेली होती. तिने सुनेला काय सांगितलं आणि काय सांगायचं राहिलं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आमच्याकडे न विचारण्याची सवय फार लांबवर जाते.

तेबोराला खोटं बोलता आलं असतं. गाव तिला थोर मानत होतं, नवराही मानायला लागला होता. पण जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, आणि बोलायचंही नाही.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं पोरं ठेवतात. मी रोज शिव्या देऊन फेकून द्यायचे. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की तुम्ही ठेवता, आणि तेही सरळ वाचलं."

"तू उचलायचीस, मला वाटायचं वाचून पुसतेस. समुद्राला दिसू नये म्हणून."

"नाही."

उरियमने गाठ मारली, पुन्हा सोडली. मग म्हणाला, "म्हणजे एकोणीस वर्षं मी सांगत होतो ते कुणाला?"

तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. त्यानेही मान फिरवली नाही. थोड्या वेळाने त्याने दोरीचं टोक पुन्हा तिच्या हातात दिलं, आणि दोघांनी मिळून उलांडी आवळली.

होडी तयार व्हायला महिना लागला. त्यानंतरच्या एका सकाळी सहाला ती पेटीपाशी आली. होडी गेलेली. दगड होता. पूर्वेच्या पायाशी.

तिने आनंदाने तो उचलला. पूर्वेला दगड, म्हणजे उरियम पश्चिमेला! आणि दुसऱ्याच क्षणी तिचे हात थबकले. आपल्या बायकोला उलटं वाचता येत नाही हे त्याला आता माहीत झालंय. मग तिच्यासाठी त्याने या वेळी सरळ तर ठेवला नसेल? दोघांचं ठरलं कुठे होतं? ठरवणं म्हणजे बोलणं, आणि बोलायचं तर नसतं. आता हा दगड उलटा की सुलटा? एवढी वर्षं काहीच माहीत नव्हतं तेव्हा ती सुखाने झोपत होती.

तिने दगड लुंगीच्या गाठीत बांधला. शेऱ्याच्या रकान्यात "दगड" एवढं लिहिलं आणि लगेच ते गिरवून काळं केलं. वही काय, समुद्र काय, वाचणाऱ्याचा भरवसा नाही. मग ती दक्षिण टोकाकडे चालत गेली आणि जिथून दोन्ही समुद्र लांबपर्यंत दिसतात तिथे खडकावर बसली. डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची. नऊ वाजले, नऊची नोंद राहिली. तारावाचा माणूस रेडिओवर हाका मारत असणार. ती हलली नाही.

दहाच्या सुमाराला होडी दिसली. पश्चिमेकडून येत होती.

उलटाच होता. सगळं कळूनही त्याने तिच्यासाठी सोपं केलं नव्हतं. घरच्या माणसाला सांगतात तसंच सांगितलं होतं. टोकावर बसलेली बायको त्याला दिसली तेव्हा त्याने वल्हं एकदा वर केलं. तेबोराने गाठीतला दगड काढून दोन्ही हातांत घट्ट धरला आणि ती हसत हसत रडली.

त्या दिवशी नऊची नोंद तारावाला साडेदहाला गेली. उशीर का झाला असं त्यांनी विचारलं, आणि एकोणीस वर्षांत प्रथमच तिने शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.